मुसफ्फ्याचा काळा लघुग्रह

लघुग्रह बनवायला साधारण सहा आठवडे लागतात. निसर्गाला जास्त लागले असतील, पण निसर्गाला क्लायंट नव्हता. असता तर निसर्ग अजून सँपलच दाखवत बसला असता.

मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यात, म्हणजे तिथल्या औद्योगिक भागात, प्रदर्शनांसाठी मोठाले नमुने बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ठाण्यातल्या नातेवाइकांना वाटतं मी 'ऑइलमध्ये' आहे. मीही वाटू देतो. आखातात येऊन माणूस फायबरचे खेकडे बनवतो हे सांगायला धैर्य लागतं, आणि ते माझ्याकडे बेताचंच आहे. किती बेताचं, ते पुढे येईलच.

काम समजायला सोपं आहे. फोमचा ठोकळा घ्यायचा, कोरायचा, त्यावर फायबर ग्लास आणि रेझिनचे थर चढवायचे. मग लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, प्रायमर मारायचा, आणि शेवटी स्प्रे गनने रंग. हे सगळं झालं की क्लायंट येतो आणि म्हणतो, आम्हाला हे असं नको होतं.

नमुन्यादाखल सांगतो. लहान मुलांच्या एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्याच्या दारात डायनोसॉर हवा होता. मांसाहारी, पण मुलं घाबरता कामा नयेत. दात दिसायला हवेत, पण टोकदार नकोत. आम्ही बोथट दातांचा, हसरा, दातांना तार लावलेला डायनोसॉर बनवला. तो अजूनही तिथे उभा आहे आणि सोयाबीन खाणारा वाटतो. दुसरे एक बिल्डर होते. त्यांच्या संकुलाच्या मॉडेलमधला समुद्र आम्ही चार वेळा रंगवला. चौथ्या वेळी मी त्यांना म्हटलं, "सर, खिडकीतून खरा समुद्र दिसतोय, तसाच केलाय." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "तोच तर प्रॉब्लेम आहे."

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ती कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेली नाही.

क्लायंटचं मन बदलतं. स्वतः मान्य केलेलं सँपल त्याला महिनाभराने आवडेनासं होतं. पण क्लायंटचं मन बदललं असं इथे म्हणता येत नाही, कारण क्लायंट चुकत नाही. मग चूक कुणाची? ती आम्ही पुरवतो. मॉडेल, वाहतूक, जोडणी आणि चूक, सगळं एकाच कोटेशनमध्ये. "सॉरी सर, आमच्या पेंटरची गफलत झाली, आम्ही रीडू करतो." क्लायंट उदारपणे माफ करतो, सगळे चहा पितात, काम पुढे सरकतं.

हा चुकणारा पेंटर म्हणजे जोसेफ.

जोसेफ अस्तित्वात नव्हता. तो मी जन्माला घातला. नाव विचारपूर्वक निवडलं होतं. जोसेफ केरळचा असू शकतो, मनिलाचा असू शकतो, बैरूतचाही असू शकतो, त्यामुळे समोर कुठल्याही देशाचा माणूस असला तरी त्याला तो आपला वाटत नाही आणि परकाही वाटत नाही. जोसेफने समुद्र चार वेळा चुकीचा रंगवला. देवमाशाला शेपूट उलटी लावली. दर वर्षी तो कामावर 'नवीन' असायचा. आमचे मालक शेट्टीसाहेब एकदा मीटिंगनंतर मला म्हणाले, "टिपणीस, ये जोसेफ को बोनस देना पडेगा. कंपनी वही चला रहा है."

मी तसा बोलका माणूस नाही. घरी माझी बायको दोन-दोनदा विचारते तेव्हा मी एकदा 'हूं' म्हणतो. पण जोसेफबद्दल मी तासन्तास बोलू शकायचो. त्याला गावी आजारी आई होती. अलीकडे चष्मा लागला होता.

मग लघुग्रह आला.

इथल्या लोकांनी लघुग्रहांच्या पट्ट्याकडे यान पाठवायचं ठरवल्यापासून ज्याला-त्याला लघुग्रह हवा झाला आहे. मॉलना हवा, शाळांना हवा, एका गाड्यांच्या शोरूमलाही हवा होता. आमच्याकडे आलेलं काम एका नव्या विज्ञान दालनाचं होतं. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये जो पट्टा आहे, त्याच्या बाहेरच्या, गुरूकडच्या बाजूचा एक लघुग्रह, छोट्या व्हॅनएवढा, अंधाऱ्या खोलीत मधोमध टांगलेला. सोबत कुणा शास्त्रज्ञाने लिहिलेलं दोन पानी टिपण होतं. त्यात म्हटलं होतं की तिथले बहुतेक दगड कार्बनने भरलेले असतात आणि सूर्यमालेच्या जन्मापासून जवळजवळ तसेच राहिलेले असतात. आणि ते काळे असतात. नुसते काळे नाहीत. शंभर भाग उजेड पडला तर चार-पाचच भाग परत येतात. डांबरी रस्ता त्यांच्यापुढे उजळ म्हणायचा.

मी घरी जेवताना मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ रॉक." इथे वाढलेल्या पोरांना कशाचं म्हणून नवल नाही.

नवल वाटलं ते हसनभाईंना. हसनभाई आमचे फिनिशिंगचे माणूस, दापोलीजवळच्या हर्णैचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. कंपनीत माझ्या आधीपासून होते. मुसफ्फ्याजवळच एका फ्लॅटमध्ये बायको आणि मुलगी सना यांच्यासोबत राहायचे. सना तेव्हा बारावीला होती, इथल्याच भारतीय शाळेत. टिपण मी त्यांना मराठीत समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे साहेब, आपल्याला उजेड खाणारा रंग पायजे."

"हो, तसंच."

"मग त्याला वरून सीलर नाय मारता येणार. सीलर मारला की चमकला."

"आणि नाही मारला तर?"

"तर हात लावणाऱ्याचा हात काळा." ते हसले. "लावायचा कशाला पण? बघायची वस्तू आहे. दोरी बांधू."

त्यांनी तो काळा कसा जमवला ते मला माहीत नाही. पहिले दोन काळे त्यांनी स्वतःच नापास केले. एक निळसर मारतो म्हणाले, दुसरा तपकिरी. तिसरा घेऊन त्यांनी मला वर्कशॉपच्या शटरबाहेर, भर उन्हात बोलावलं. ऑगस्टचं ऊन, जिथे पांढरी गाडीसुद्धा डोळ्यांना बोचते. आणि तो तुकडा त्या उन्हात नुसता भोक पडल्यासारखा दिसत होता. खड्डे, उंचवटे, सगळं गिळून बसलेला. मी म्हटलं, "हसनभाई, हे काय केलंत?" ते म्हणाले, "सांगितलं होतं ते केलं." त्या तुकड्यावर दालनाच्या माणसांनी सही केली. मान्य.

दालनाच्या मार्केटिंगच्या प्रमुख मादाम रीमा म्हणून लेबनानी बाई होत्या. डायरेक्टरसाहेब पाहणीला यायच्या दिवशी दुपारी त्या आधी येऊन पोहोचल्या. लघुग्रह टांगून झाला होता. हसनभाईंनी चारी बाजूंनी दोरी बांधली होती, 'हात लावू नये' अशी पाटी तीन भाषांत लावली होती, आणि ते जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाला गेले होते. साइटवर आमच्या कंपनीचे आम्ही दोघंच.

"हबीबी, ही दोरी फोटोत येतेय," मादाम रीमा इंग्रजीत म्हणाल्या. "म्यूझियम वाटतंय."

मादाम, हे म्यूझियमच आहे, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "शुअर, मादाम," आणि स्वतःच्या हाताने दोरी सोडली, पाटीही उचलून पडद्यामागे ठेवली.

डायरेक्टरसाहेब आले. शांत, सभ्य माणूस. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ अंगरखा, इस्त्रीची घडी सुरीसारखी. त्यांच्यामागे आठ-दहा लोक. त्या अंधाऱ्या खोलीत ते उभे राहिले, इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे आहे?"

कुणाला हसायची हिंमत झाली नाही. वस्तू त्यांच्या पुढ्यात होती. ज्या टिपणावर त्यांच्याच दालनाने सही केली होती, त्यातलं अक्षर न् अक्षर आम्ही पाळलं होतं, आणि परिणामी व्हॅनएवढा लघुग्रह कुणाला दिसत नव्हता. ते अंदाजाने एक पाऊल पुढे गेले. मग बाहेर उजेडात आल्यावर सगळ्यांना दिसलं. खांद्यापासून कोपरापर्यंत कंदुऱ्यावर काळा पट्टा. सूर्यमालेच्या जन्मापासूनचा रंग.

त्यांनी एकदा बाहीकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं. मादाम रीमा माझ्याकडे वळल्या. "हे काय आहे?"

आणि मी सवयीने तोंड उघडलं. "सॉरी मादाम, आमच्या पेंटरची चूक. सीलर मारायचा राहिला. जोसेफ नवीन आहे."

इतकी वर्षं इथे माफी मिळायची आणि चहा यायचा. या वेळी मादाम म्हणाल्या, "त्याला या प्रोजेक्टवरून काढा. आत्ता. त्याचा गेट पास रद्द झालेला मला बघायचाय." त्यांच्याजवळच्या सिक्युरिटीच्या माणसाने टॅबलेटवर बोट फिरवलं. "जोसेफ नावाचा पास नाहीये, सर."

इथे थांबता आलं असतं. 'मादाम, दोरी मीच सोडली, तुम्हीच सांगितलंत' असं नको, निदान 'दोरी मी सोडली' एवढं तरी. तीन शब्द. मी म्हटलं, "जोसेफ आम्ही लाडाने म्हणतो. पासवर हसन आहे."

हसनभाई नमाजाहून परत आले तेव्हा गेटवर त्यांचा पास चालला नाही. मी बाहेर गेलो. ऊन मी म्हणत होतं. आम्ही एका भिंतीच्या चार बोटं सावलीत उभे राहिलो.

"काय झालं साहेब?"

काय झालं ते सांगितलं असतं तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला असता: दोरी कुठे होती? म्हणून कंदुऱ्याबद्दल मी बोललोच नाही. म्हटलं, "रंगाचा कोट सुटला, हसनभाई. पापुद्र्यासारखा सुटला. क्लायंट भडकलाय."

"सुटला?" ते माझ्याकडे बघत राहिले. "प्रायमर तर नीट धरला होता. मी नख लावून बघितलं होतं."

"सुटला."

"मला एकदा बघू तरी द्या की. आत नको, दारातनं."

"पास बंद आहे हो."

त्यांनी मान हलवली. माणूस आपल्या मेलेल्या जनावराकडे बघतो तसं एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिले.

पुढचं सगळं रीतसर झालं. त्या दालनाच्याच मालकांच्या आणखी तीन दालनांची कामं आमच्याकडे होती, सगळीकडे एकच पास लागायचा. ज्याला पास नाही तो फिनिशर आमच्या कामाचा नाही. शेट्टीसाहेब म्हणाले, "टिपणीस, जोसेफ गया तो गया. हसन को क्यों दिया?" मी समोरचं कोटेशन चाळत राहिलो.  मग तेच म्हणाले, "ठीक है. खलास." मालक मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

बापाची नोकरी गेली की इथे अख्ख्या घराचा व्हिसा जातो. सनाची बारावी अर्धी झाली होती. शाळेने नियमावर बोट ठेवलं, हर्णैजवळच्या कॉलेजने दुसऱ्या नियमावर, आणि तिचं वर्ष गेलं. हे मला माहीत होतं, कारण मी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो होतो. आपल्याला भारी चांगुलपणा. हसनभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुम्ही माझ्यासाठी भांडला असाल. मला म्हायती आहे. तुमच्यापुढे माझी मान खाली गेली, एवढंच वाईट वाटतं." मी 'हूं' म्हटलं.

लघुग्रह पुन्हा रंगवला गेला. या वेळी कमिटीने रंगवला, म्हणजे मीटिंगमध्ये. राखाडी हवा, पण आशादायक राखाडी. वरून सोनेरी चमकी. आतून निळे दिवे. वर पक्का सीलर, कुणीही मिठी मारावी असा. उद्घाटन झालं, लोकांनी फोटो काढले, आणि कार्बनने भरलेला तो प्राचीन दगड लग्नातल्या वर्ख लावलेल्या लाडवासारखा अंधारात झगमगत राहिला. मी त्या दालनात कितीदा तरी गेलो असेन. एकाही माणसाने विचारलं नाही की हा असा का.

या वर्षी विचारलं. दालनाला नवीन क्युरेटर आल्या. स्थानिक आहेत, परदेशात भूशास्त्र शिकून आलेल्या, तरुण. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि सोन्याच्या लाडवासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडणार एवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी जुने फोटो पाहिले. उद्घाटनाच्या आधीचे. त्यातला काळा बरोबर होता. अगदी बरोबर होता. तो कोणी केला? मला तोच माणूस हवाय."

ऑफिसात परतल्यावर शेट्टीसाहेब खुर्चीत मागे रेलले. "मॅडम को जोसेफ चाहिए," म्हणाले. मग हसू आवरून, "हसन को फोन लगाओ. विजिट पे बुलाते हैं. खुश हो जाएगा. और तुम बोलो, तुम्हारा सुनता है."

म्हणजे बघा कशी सोय. काहीही न सांगता मी त्यांना परत आणू शकत होतो. इन्शाल्ला विमानतळावर घ्यायलाही गेलो असतो. त्यांनी पुन्हा माझा हात दोन्ही हातांत धरला असता. चुकीच्या बदल्यात माफी नव्हे, थेट आभारच मिळाले असते.

शुक्रवारी दुपारी, तिकडे जुम्म्याचा नमाज आटोपला असेल अशा बेताने, मी फोन लावला.

"अरे, टिपणीस साहेब! सलाम सलाम. नंबर आहे अजून आमचा?" तोच आवाज. इकडची-तिकडची विचारपूस झाली. मी विचारलं, "काम काय चाललंय? होड्या रंगवता की नाही? हर्णैला होड्यांना काय तोटा."

"नाय साहेब. रंगाचं सोडलं. भावाच्या बर्फाच्या कारखान्यात बसतो."

"सोडलं? का?"

"कोट सुटला ना त्या वेळी." ते अगदी सहज बोलत होते, हवामान सांगावं तसं. "त्यानंतर हाताचा भरवसाच गेला. मशिदीचा दरवाजा रंगवायला बोलावलं होतं जमातीने. मी म्हटलं, नको. उद्या तिथेपण सुटला म्हणजे? ज्याला कळलंच नाय का सुटला, त्याने पुन्हा गन कशी धरायची? तुमीच सांगा."

मला वाटत होतं मी त्यांची नोकरी घेतली, मुलीचं वर्ष घेतलं. तेवढंच घेतलं असतं तर मी बहुधा व्हिसाची गोष्ट काढून फोन ठेवला असता. एवढं मी ओळखतो स्वतःला.

"हसनभाई," मी म्हटलं, "कोट सुटला नव्हता."

"काय?"

"सुटला नव्हता. कोट पक्का होता. दोरी मी सोडली. साहेबांच्या कपड्यांना रंग लागला आणि मी तुमचं नाव दिलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो तसाच येत राहिला. 

"म्हणजे काळा बरोबर होता?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होता. इथे आता शिकलेल्या बाई आल्यात, त्या म्हणतात अगदी बरोबर होता. त्यांना तुम्हीच हवे आहात."

"थांबा."

ते कुणाला तरी हाका मारत होते. 'सना, इकडे ये. अम्मीला बोलव. नाय, हातातलं राहू दे, ये.' खुर्च्या सरकल्या. मग त्यांचा आवाज लांबून, मोकळ्या खोलीतून आल्यासारखा आला.

"फोन स्पीकरवर लावलाय साहेब. आता बोला. पहिल्यापासून. आणि जरा हळू बोला, हिला ऐकू कमी येतं."

मी पहिल्यापासून बोललो. जोसेफपासून. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो, तेही खरं.  'पासवर हसन आहे' हे वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा ते मी घाईत उरकलं.

संपल्यावर सनाने विचारलं. मोठ्या झालेल्या, स्वच्छ, अनोळखी आवाजात. "अंकल, माझं ट्वेल्थ चालू होतं. यू न्यू दॅट?"

"हो."

"ओके," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हसनभाई, याल का? तिकीट, व्हिसा सगळं..."

 उत्तर दिलं ते त्यांच्या बायकोने. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवताना ही बाई मला भाऊ म्हणायची.

"साहेब," ती म्हणाली, "झालं ना तुमचं सांगून? मग ठेवा आता. यांचं जेवण निवतंय."